उसातली साखर आणि कथलाचा कोयता

आपल्या शिरूर-दौंड भागात ऊस ठाऊक नाही असा माणूस विरळा. न्हावरे आणि पाटस ही गावे तर साखर कारखान्यांमुळेच दूरवर माहीत झाली. तरीही उसाचे पुढे काय होते असे विचारले, तर आपले उत्तर साखर, मळी आणि दारू येथेच थांबते. मी कला शाखेचा विद्यार्थी आणि आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीपुरता. परंतु घरचे पोट उसावर आहे, म्हणून हा विषय समजून घ्यावासा वाटला.

प्रथम एक साधा हिशेब पाहू. मळीतली साखर यीस्टने आंबवली की मद्यार्क तयार होतो. १८० किलो ग्लुकोजपासून फार तर ९२ किलो मद्यार्क मिळतो. उरलेले ८८ किलो कार्बन डायऑक्साइड वायू बनतात. आडसाली ऊस दीड वर्ष पाणी पिऊन जी साखर साठवतो, तिचे जवळजवळ निम्मे वजन असे वायूच्या रूपाने जाते.

आता दुसरी वाट पाहा. ग्लुकोजच्या रेणूत सहा कार्बन असतात, तर दह्याला आंबटपणा देणाऱ्या लॅक्टिक आम्लाच्या रेणूत तीन. ग्लुकोज बरोबर मधोमध तोडता आले, तर १८० किलोंचे १८० किलो आम्ल व्हावे! हे आम्ल खाद्यपदार्थांत व औषधांत लागते, शिवाय त्यापासून पीएलए नावाचे प्लॅस्टिकही बनते.

पण रेणू हव्या त्या जागी तोडायचा कसा? येथे धातूचा उत्प्रेरक कामी येतो. कोयता ऊस तोडतो, पण स्वतः मोळीत बांधला जात नाही, उत्प्रेरकाचेही तसेच. २०१० साली डेन्मार्कमधील संशोधकांनी झिओलाइट या सूक्ष्म छिद्रांच्या पदार्थात कथील बसवले आणि १६० अंश सेल्सिअस तापमानाला मिथेनॉलमध्ये साखरेपासून मिथिल लॅक्टेट मिळवले. त्यापासून लॅक्टिक आम्ल करता येते. ज्या कथलाची कल्हई आपल्या आज्या आंबट पदार्थांसाठी भांड्यांना करून घेत, तेच कथील येथे आम्ल घडवते.

मग असे कारखाने सगळीकडे का नाहीत? कारण कोयत्याची धार जाते. साखरेचे काळे, चिकट अवशेष छिद्रांत बसतात, धातू थोडाथोडा झिजून द्रावणात उतरतो आणि काही साखर भलत्याच ठिकाणी तुटते. म्हणून आज लॅक्टिक आम्ल मुख्यतः जीवाणूंकडूनच करून घेतात. आपल्या शेजारी जेजुरीला प्राज कंपनीने २०२४ साली या आम्लाचा व त्यापासूनच्या प्लॅस्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला, तोही याच वाटेचा. मात्र जीवाणूंना स्वतःच केलेले आम्ल सोसत नाही. नेहमीच्या पद्धतीत त्यासाठी चुना घालावा लागतो आणि शेवटी आम्लाच्या जवळजवळ वजनाइतके जिप्सम उरते. ते टाळता यावे, हेही धातूच्या वाटेचे एक आकर्षण आहे.

मित्रहो, हा विषय केवळ शास्त्र शाखेचा नाही. उसाचा दर आजही साखरेच्या उताऱ्यावर ठरतो. उद्या त्याच साखरेपासून आम्ले आणि प्लॅस्टिक होऊ लागले, तर त्या नफ्यात ऊस पिकवणाऱ्याचा वाटा किती, हा प्रश्न येणारच. तो सभेत उभे राहून विचारायचा, तर १८० किलोंचा हा हिशेब आपल्यालाही मांडता आला पाहिजे.