हातब्रेकचा लाल दिवा

तर्कशास्त्र हा विषय आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी परीक्षेपुरता वाचतो आणि पेपर झाला की विसरतो. मोटारीखाली उताणे पडून काम करणाऱ्या माणसाला त्याचा रोज उपयोग होतो, असे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मामांच्या जुन्या मोटारीने माझे हे अज्ञान दूर केले.

त्या मोटारीत हातब्रेकचा लाल दिवा सतत लागलेला असे. दांडा पूर्ण खाली केला तरी तो विझेना. एका मिस्त्रीने "स्विच बिघडलाय" असे सांगून दिव्याचा बल्बच काढून टाकला. दिवा गेला, तक्रार मिटली! पुढे आठच दिवसांनी कसारा घाट उतरताना ब्रेकचे पेडल जवळजवळ तळाला गेले. मामांनी खालचे गियर टाकीत, हातब्रेक हळूहळू ओढीत गाडी डोंगराच्या कडेला उभी केली. मागच्या चाकापाशी ब्रेक ऑईल गळत होते. दिवा खरे बोलत होता. आम्ही त्याचे तोंड बंद केले होते.

हे असे का झाले? पुष्कळ मोटारींत या एकाच दिव्याला दोन बातमीदार असतात. पहिला हातब्रेकच्या दांड्याखालचा छोटा स्विच. दुसरा ब्रेक ऑईलच्या टाकीतला तरंगता गोळा. मोटारीत बॅटरीचे ऋण टोक लोखंडी सांगाड्याला जोडलेले असते. दांडा वर ओढला की स्विच दिव्याची वायर सांगाड्याला जोडतो आणि मंडल पूर्ण होऊन दिवा लागतो. ऑईल कमी झाले की तो गोळा खाली बसतो व तेच काम करतो. पायाचा ब्रेक ऑईलच्या दाबावर चालतो, तर दांड्याचा हातब्रेक बहुधा पोलादी केबलवर. म्हणूनच त्या दिवशी हातब्रेक उपयोगी पडला.

आता शोध कसा घ्यावा ते पाहू. गाडी सपाट जागी उभी करावी, गियरमध्ये ठेवावी, चाकांखाली लाकडी ठोकळे लावावेत आणि किल्ली फिरवून, इंजिन सुरू न करता, दिव्याकडे पाहावे. दांडा खाली असूनही दिवा जळत असेल तर सर्वांत आधी ऑईलची पातळी पाहावी. कारण तीच चूक जिवावर बेतणारी. पातळी कमी असेल तर नुसते ऑईल ओतून भागत नाही. गळती आहे की ब्रेकचे पॅड झिजले आहेत, ते शोधले पाहिजे. पातळी ठीक असेल तर दांड्याखालच्या स्विचची वायर काढावी. दिवा विझला तर दोष स्विचचा किंवा तो सरकल्याचा. न विझल्यास टाकीवरची जोडणी काढावी. आता विझला तर गोळा अडकलेला आहे. तरीही जळतच राहिला, तर वायर कोठेतरी सोलवटून सांगाड्याला टेकली असण्याचा संभव मोठा.

दिवा मुळीच लागत नसेल तर उलट जावे. स्विचची काढलेली वायर क्षणभर सांगाड्याला टेकवावी. दिवा लागला तर वायर आणि बल्ब निर्दोष, दोषी स्विच. न लागल्यास बल्ब, फ्यूज किंवा मधली वायर पाहावी. मात्र ही युक्ती साध्या, जुन्या गाड्यांपुरती. नव्या गाड्यांत वायर संगणकाकडे जाते. तेथे कंपनीचा नकाशा पाहिल्याशिवाय काहीही टेकवू नये.

नव्या गाड्यांतून तर दांडाच नाहीसा होऊ लागला आहे. २००१ साली आलेल्या बी.एम.डब्ल्यू.च्या सातव्या मालिकेत त्याच्या जागी बटण बसले. आता अनेक मोटारींत मागच्या दोन्ही चाकांवर छोट्या विद्युत मोटारी असतात. त्या स्क्रू फिरवून पॅड दाबतात. येथे यंत्राला संगणक जोडून दोषाचा आकडा वाचतात. पण आकडा गल्ली सांगतो, घर नव्हे! मोटारीच्या मंडलात दोष आहे एवढेच तो म्हणतो. मोटार, वायर की जोडणी, हे माणसानेच शोधायचे.

त्यातली मोठी फसगत अशी. बारा व्होल्ट येत आहेत असे मीटर सांगते, म्हणून मिस्त्री महागडी मोटार बदलतो आणि बिघाड तसाच राहतो. मागच्या चाकापाशी चिखलपाण्याने जोडणी गंजलेली असते. प्रवाह नसताना ती पूर्ण बारा व्होल्ट दाखवते; पण तिचा रोध केवळ अर्धा ओहम असला आणि मोटारीने दहा अँपियर ओढले, तर पाच व्होल्ट तेथेच खर्ची पडतात आणि मोटारीला उरतात सात. म्हणून मोजमाप बटण दाबून ब्रेक चालू असतानाच करावे. त्याआधी बॅटरी तपासावी. भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. बॅटरी अशक्त असेल तर निरोगी ब्रेकही आजारी वाटतो. हे काम चालू असताना बोटे मात्र पॅडपासून दूर ठेवावीत.

एकूण काय, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा, हे तर्कशास्त्राच्या पुस्तकातलेच सूत्र. मामांच्या मोटारीत आता नवा बल्ब आहे. किल्ली फिरवली की लाल दिवा लागतो, दांडा खाली केला की विझतो. तो विझेपर्यंत मामा गाडी हलवीत नाहीत.