शक्तिमान पत्त्याचे मोल

मेंढीकोट खेळणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. त्या खेळात दश्शी ही गुलामापेक्षाही लहान. तरी साऱ्या डावाची ओढाताण चालते ती चार दश्शांसाठी. पत्त्याचे मोल त्याच्या चित्रावर नसते, खेळाच्या कायद्यात असते. आजच्या विषयाची किल्ली एवढीच आहे, आणि ती आपणां बहुतेकांच्या घरी आधीपासूनच आहे.

विषय मात्र नवा आहे. आमच्या युनियनच्या कचेरीत संध्याकाळी कंत्राटी कामावरची तरुण मुले येतात. त्यांतील एकाने मोबाइल पुढे धरून विचारले, “भाऊ, ओव्हरटाइमचे पैसे आलेत. या पत्त्यासाठी घालू का? जाम पॉवरफुल आहे.” आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे, पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि करारनाम्यांच्या कागदांवर. आम्ही त्याला म्हणालो, “आधी तू आम्हांला खेळ शिकव, मग उत्तर देतो.” चार-पाच संध्याकाळी त्याने शिकवले. त्याला दिलेले उत्तरच आज आपणांपुढे मांडतो आहोत.

त्यासाठी आम्ही जुने, निकाली निघालेले प्रकरण निवडले. हार्थस्टोन नावाचा पत्त्यांच्या लढाईचा खेळ अमेरिकेतील ब्लिझार्ड कंपनीने मार्च २०१४ मध्ये बाजारात आणला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नव्या पत्त्यांचा एक संच निघाला. त्यात ‘डॉक्टर बूम’ हा पत्ता होता. पुढे सव्वा वर्ष त्याचा मोठा दरारा होता.

प्रथम खेळाचा कायदा पाहू. दोन खेळाडू, प्रत्येकाकडे तीस पत्ते, प्रत्येकाच्या नायकाचे आयुष्य तीस. समोरच्या नायकाचे आयुष्य शून्यावर आणले की डाव जिंकला. पत्ता टाकायला ‘मॅना’ नावाचे इंधन लागते. ते पहिल्या पाळीला एक, दुसरीला दोन, असे वाढत दहापर्यंत जाते. शिपायाच्या पत्त्यावर तीन आकडे असतात: तो टाकण्यास लागणारा मॅना, त्याचा मारा आणि त्याचे आयुष्य.

आता पहिला प्रश्न: या ताकदीसाठी मोजावे काय लागते? खेळाडूंनी एक ढोबळ हिशेब बसविला होता. मॅनाची दुप्पट करून त्यात एक मिळवा. मारा आणि आयुष्य यांची बेरीज साधारण तेवढी असावी. ‘चिलविंड येती’ चार मॅनाचा, मारा चार, आयुष्य पाच; बेरीज नऊ. हिशेब चोख. ‘बोल्डरफिस्ट ओगर’ सहा मॅनाचा, सहा आणि सात, बेरीज तेरा. तोही चोख. ‘वॉर गोलेम’ सात मॅनाचा, सात आणि सात, बेरीज चौदा. म्हणजे एकाने कमीच. डॉक्टर बूमचे आकडे अगदी वॉर गोलेमचेच आहेत. पण तो येताना दोन लहान यंत्रे बरोबर आणतो, प्रत्येकाचा मारा एक, आयुष्य एक. एकूण बेरीज अठरा. पंधराच्या मोलात अठरा! शिवाय ते यंत्र मेले की फुटते आणि शत्रूपक्षातील कोणालातरी एक ते चार इजा करते. सरासरी अडीच, म्हणजे दोहोंची मिळून पाच. नुसता ‘सात-सात’ हा आकडा पाहणाऱ्याला गोलेम आणि डॉक्टर सारखेच दिसतील. वेतनकरार वाचताना आम्ही नेमकी हीच काळजी घेतो. पहिल्या पानावरची वाढ पाहून आम्ही पेढे वाटीत नाही. ती मूळ पगारात आहे की भत्त्यात, आणि तिच्या बदल्यात उत्पादनाचा कोटा किती वाढविला, हे आधी पाहतो.

परंतु बेरजेवर विसंबणेही धोक्याचे. म्हणून दुसरा प्रश्न: ही ताकद हाती येते केव्हा? जुलै २०१४ पासून मिळू लागलेला ‘अंडरटेकर’ हा पत्ता एक मॅनाचा. मारा एक, आयुष्य दोन, बेरीज तीन. हिशेबाने अगदी सामान्य. पण मरताना काही परिणाम घडविणारा एकेक सोबती आपण मैदानात आणला की याचा मारा आणि आयुष्य दोन्ही एकेकाने वाढत. पहिल्या पाळीपासून वाढू लागलेला हा शिपाई डॉक्टरसाहेबांचे सात मॅना साचेपर्यंत डाव संपवण्याच्या बेतात आणी. हातात अडकून पडलेला बलाढ्य पत्ता आणि खटल्यात अडकलेली थकबाकी, दोन्ही कागदावर मोठी दिसतात.

तिसरा प्रश्न: समोरच्याकडे उतारा काय आहे? डॉक्टर बूमवर उतारा होता. ‘बिग गेम हंटर’ हा तीन मॅनाचा शिकारी मैदानात येताच सात किंवा अधिक मारा असलेला एक शिपाई ठार करी. मग डॉक्टरची किंमत संपली का? नाही. डॉक्टर गेला तरी दोन यंत्रे उरतात. शिकाऱ्याचे आयुष्य दोन. यंत्रांचा मारा एकेक. पुढच्या पाळीपर्यंत ती टिकली तर दोघे मिळून शिकाऱ्याला मारतात, शिवाय फुटून होणारे नुकसान वेगळेच. खरा शक्तिमान पत्ता कोणता? ज्याला उत्तर नाही तो नव्हे. असा पत्ता क्वचितच असतो. उत्तर मिळाल्यावरही ज्याचे काही शिल्लक राहते, तो. पुढारी अटकेत गेल्यावर जी चळवळ थांबत नाही, तीच बळकट, हे आम्ही अनुभवाने जाणतो.

येथपर्यंत खेळाचा हिशेब झाला. आता चौथा प्रश्न, आणि आमच्या त्या मित्राने तो विचारलाच नव्हता: पत्ता कोणाच्या मालकीचा?

घरचा पत्त्यांचा जोड आपला असतो. त्यातला एक्का रातोरात नव्वा होत नाही. पडद्यावरच्या पत्त्याचे तसे नाही. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने अंडरटेकरचा मजकूर बदलला. त्यानंतर त्याचा फक्त मारा वाढे, आयुष्य नाही. अशा बदलाबद्दल कंपनी काही दिवस पत्त्याचा पूर्ण मोबदला देई. परंतु तो रुपयांत किंवा डॉलरांत नव्हे, खेळातल्याच भुकटीत. एरवी ‘लिजेंडरी’ म्हणजे सर्वांत दुर्मीळ वर्गातील पत्ता घडवायला भुकटी लागे सोळाशे आणि तो मोडला तर हाती येई चारशे. चार आणे परत! डॉक्टर बूम याच वर्गातला. त्याला हात न लावताही त्याचे राज्य संपले: एप्रिल २०१६ मध्ये ‘स्टँडर्ड’ नावाचा नवा खेळप्रकार सुरू झाला आणि डॉक्टरचा सारा संच त्यातून वगळला गेला.

हे पत्ते सुटे विकत मिळत नाहीत. पाच पत्त्यांचे बंद पाकीट घ्यायचे आणि नशीब पाहायचे. चीनमध्ये मे २०१७ पासून अशा सोडतीचे प्रमाण जाहीर करणे सक्तीचे झाले, तेव्हा आकडा बाहेर आला: सरासरी वीस पाकिटांत एक लिजेंडरी पत्ता. तोही हवा तोच निघेल असे नाही. त्याच चीनमध्ये ब्लिझार्ड आणि तेथील नेटईज कंपनी यांचा करार संपला आणि जानेवारी २०२३ मध्ये खेळच बंद पडला; तो पुन्हा सुरू झाला २०२४ मध्ये. मधल्या काळात खेळाडूंच्या पत्त्यांचे तेथे मोल काय होते? दोन कंपन्यांच्या करारात ज्यांनी पैसे दिले त्यांची सही कोठेच नव्हती.

खेळ वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. दिवसभर यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या मुलाने घटकाभर डोके लढविले तर त्यात गैर काय? त्याने आम्हांस ज्या सफाईने हे गणित समजावले, त्या सफाईने पगाराची चिठ्ठी वाचणारे कामगार आम्हांस थोडे भेटले आहेत. आम्ही त्याला एवढेच म्हणालो, “पत्ता जोरदार आहे, तुझा हिशेब बरोबर आहे. पण तो हिशेब डावापुरता. पैसे घालताना दुसरा हिशेब कर. तू पत्ता विकत घेत नाहीस. कंपनीची मर्जी असेतो तो वापरण्याची मुभा घेतोस, आणि तीही सोडतीने. ओव्हरटाइमचे किती तास त्यासाठी द्यायचे, ते तू ठरव.”

त्याने काय ठरविले हे आम्ही विचारले नाही. तो पैसा त्याच्या घामाचा होता. मात्र कोणी आपल्यापुढे ‘शक्तिमान’ म्हणून काही ठेवले, मग तो पत्ता असो, योजना असो की करार, तर हे चार प्रश्न विचारावेत: मोजावे काय लागते, हाती येते केव्हा, उतारा पडल्यावर उरते काय, आणि मजकूर बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे. पहिले तीन प्रश्न चांगला खेळाडू आपणहून विचारतो. चौथा विचारण्याची सवय मात्र आपल्याला लावून घ्यावी लागते.