फोटो होते, तरी माफीला ५४ वर्षे

अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. तिथे चेंडू हातात धरून पळायचे, समोरच्याने झेप घेऊन पाडायचे. धसमुसळाच खेळ! पण ज्याच्या हाती चेंडू नाही त्याचे तोंड फोडावे, असा नियम तिथेही नाही.

जॉनी ब्राइट हे आयोवा राज्यातील ड्रेक विद्यापीठाचे काळे खेळाडू. २० ऑक्टोबर १९५१ रोजी स्टिलवॉटर येथे ओक्लाहोमा ए अँड एम कॉलेजशी सामना होता. पहिल्या सात मिनिटांत ब्राइट तीनदा बेशुद्ध पडले. विल्बँक्स स्मिथ या गोऱ्या खेळाडूने, चेंडू दुसऱ्याकडे गेलेला असताना, त्यांचा जबडा मोडला.

एका वृत्तपत्राच्या दोन छायाचित्रकारांनी हे टिपले. त्या फोटोंना १९५२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. आम्ही कारकून माणसे. पुरावा फायलीला लागला की न्याय मिळतो, अशी आमची भाबडी समजूत! इथे पुरावा साऱ्या देशाने पाहिला, तरी स्पर्धा भरवणाऱ्या मिझुरी व्हॅली संघटनेने कारवाई केली नाही. ड्रेकने बाणेदारपणे संघटनाच सोडली. ब्रॅडली विद्यापीठही त्यांच्या पाठोपाठ बाहेर पडले.

ब्राइट कॅनडात गेले, तिथल्या फुटबॉलमध्ये नाव कमावले, पुढे मुख्याध्यापक झाले. १९८३ साली त्यांचे निधन झाले. ए अँड एमचे दरम्यान ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठ झाले होते. त्याच्या अध्यक्षांचे माफीचे पत्र २००५ साली निघाले, ते ड्रेकच्या अध्यक्षांच्या नावे.