वायफाय दिसत नाही? कार्ड बदलण्याआधी हे बघा

जुना लॅपटॉप घेतला, कुणी त्यात लिनक्स टाकून दिलं, लॅपटॉप झकास पळू लागला. पण वायफायची यादीच दिसेना. इकडे लेकीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपत आलेली. दुकानात विचारलं तर, 'कार्ड गेलंय, नवीन टाका.' म्हणजे गोरेगावहून हिंगोलीची खेप आणि वर कार्डाचे पैसे. आम्ही म्हणतो, जरा थांबा. पुष्कळदा कार्ड धडधाकट असतं, नसतो तो ड्रायव्हर.

ड्रायव्हर म्हणजे लिनक्स आणि कार्ड यांच्यातला दुभाषा. शिवाय काही कार्डांना फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम लागतो. तो कंपनीच्या मालकीचा. लिनक्स सगळ्यांसाठी खुलं, हा प्रोग्राम मात्र खुला नाही, म्हणून काही लिनक्समध्ये तो सोबत येत नसे. डेबियनने तर तो आपल्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये जून 2023 मध्ये, बाराव्या आवृत्तीपासून घेतला. ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांचा त्रास तर प्रसिद्धच आहे!

आधी विमानाचं चित्र असलेलं बटण चुकून दाबलं गेलं नाही ना, ते बघा. काही जुन्या लॅपटॉपच्या कडेला वायफायची खिट्टी असते, तीही सरकवून बघा. मग टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय', एक जागा सोडून वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून 'के' असं इंग्रजी लहान अक्षरांत लिहा. यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' सापडला, पण त्याच्याखाली 'ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नसेल, तर दुभाषाच गैरहजर आहे.

आता कुणी म्हणेल, नेटच नाही तर ड्रायव्हर आणायचा कुठून? मोबाइलमधून! चार्जिंगची वायर लॅपटॉपला जोडा, मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. लॅपटॉपला वायरचं नेट मिळतं. वायर मात्र नुसती चार्जिंगची नको, डेटा नेणारी हवी. मग उबुंटूत 'ॲडिशनल ड्रायव्हर्स', मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा, सुचवलेला ड्रायव्हर निवडा आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करा. मध्येच पासवर्ड ठरवायला सांगितला तर लिहून ठेवा. चालू होताना निळ्या पडद्यावर 'एनरोल' निवडून तोच द्यावा लागतो; तो पडदा तसाच सोडला तर ड्रायव्हर चालणार नाही.

यादीत कार्डच दिसलं नाही, तर 'एलएसयूएसबी' लिहून बघा, काही कार्डं तिथे दिसतात. तिथेही नसेल, तर मात्र कार्डावर संशय घ्यायला हरकत नाही. तेव्हाही लॅपटॉप न उघडता यूएसबीला लावायचं छोटं वायफाय घेता येतं. घेताना 'लिनक्सवर चालतं का?' हे विचारा, आणि दुकानातच लावून बघा.