मोठा कुत्रा जिन्यापाशी का अडतो?

तीस-पस्तीस किलोचा लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड पहिल्या पायरीशीच बसून राहिला, की घरात दोन निदानं ठरलेली असतात: हट्टी आहे, नाहीतर लाडावलाय. लिफ्ट नसलेल्या तीन मजली इमारतीत, रो हाउसमध्ये किंवा वीज गेलेल्या सोसायटीत हा प्रश्न लगेच गंभीर होतो, कारण एवढं जनावर कडेवर घेऊन जाणं एकट्याचं काम नाही. मग पट्टा ओढला जातो, आणि तिथून प्रकरण बिघडत जातं.

चार पायांच्या प्राण्याला जिना शिकवावा लागतो का, असं अनेकांना वाटतं. लागतो. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नव्या गोष्टी सहज स्वीकारतं. त्यानंतर प्रथमच दिसलेल्या गोष्टीकडे संशयाने पाहतं. केनेलमध्ये किंवा तळमजल्यावर वाढलेल्या, मोठेपणी दत्तक आलेल्या कुत्र्याने कदाचित जिना पाहिलेलाच नसतो. शिवाय त्याचे डोळे आपल्यासारखे नाहीत. अगदी जवळचं त्याला पुसट दिसतं आणि लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. काळ्या कडप्प्याच्या पायऱ्या वरून पाहताना त्यांच्या कडा एकमेकींत मिसळून जातात. उभी फळी नसलेला लोखंडी जिना तर आरपार दिसतो. म्हणून पायरीच्या कडेला खरखरीत पट्टी लावताना रंगाचा विचार करावा: गडद दगडावर पिवळी, पांढऱ्या फरशीवर निळी. लाल पट्टीचा त्याला फारसा उपयोग नाही.

पायांचंही तसंच. पॉलिश केलेल्या कोटा फरशीवर किंवा ग्रॅनाइटवर पंजा घसरतो. वाढलेली नखं टेकली की तळव्याची गादी नीट बसत नाही, आणि बोटांमधले केस वाढले तर पकड आणखी सुटते. नखं व केस कापून, प्रत्येक पायरीवर रबरी मॅट घट्ट चिकटवली तर बऱ्याच कुत्र्यांचा निम्मा ‘हट्ट’ तिथेच संपतो. सुटी मॅट मात्र टाकू नये. ती पायाखालून एकदा सरकली, की त्याचा जिन्यावरचा विश्वास उडतो.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे ‘चढला की उतरेलच’. कुत्रा उभा असतानाच त्याच्या वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग पुढच्या पायांवर असतो. उतरताना तो आणखी पुढे झुकतो आणि समोर खोली दिसत असते. त्यामुळे उत्साहात वर गेलेला कुत्रा वरच अडकतो, रडतो किंवा घाबरून तीन पायऱ्या एकदम उडी मारतो. चढणं आणि उतरणं हे दोन वेगळे धडे आहेत, आणि दुसरा जास्त अवघड आहे.

सुरुवात घरातल्या अरुंद जिन्यावर करूच नये. मोठ्या कुत्र्याला तिथे मध्येच वळता येत नाही. इमारतीच्या दारातल्या किंवा बागेतल्या दोन-तीन रुंद पायऱ्या त्यासाठी उत्तम. तिथे चढ-उतार दोन्ही सहज जमू लागलं, की घरातल्या जिन्यावर लँडिंगपर्यंतचाच टप्पा घ्यावा. उतरताना आपण एक पायरी खाली, पण बाजूला राहावं. समोर उभं राहिलं तर तो घसरल्यावर दोघंही पडतील. गळपट्ट्याऐवजी पाठीवर मूठ असलेला हार्नेस वापरावा. गळपट्टा वर खेचला की मान वर जाते आणि पायरी दिसेनाशी होते. उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा पुढच्याच पायरीवर, खाली ठेवावा, म्हणजे नाक आणि नजर दोन्ही पायरीवर राहतात. जिन्याच्या टोकाला ठेवलेल्या खाऊसाठी तो धावतो, आणि धावताना पाय चुकतो. दोन-चार मिनिटांत, जमलेलं असतानाच धडा थांबवावा.

‘एकदा ओढून नेलं की भीती मोडते’ हेही खरं नाही. ओढलेल्या कुत्र्याच्या मनात जिना आणि धास्ती यांची गाठ पक्की बसते. ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, शेपूट पोटाशी, फरशीवर पंजांचे ओले ठसे (कुत्र्याच्या तळव्यांना घाम येतो) यांतलं काही दिसलं, की एक पायरी मागे यावं. खाऊ देणं म्हणजे लाच, असं मानणाऱ्यांनी एवढंच पाहावं की खूप घाबरलेला कुत्रा आवडीचा तुकडाही तोंडात घेत नाही. तो खातोय, म्हणजे अजून शिकू शकतोय.

पिल्लाचे पाय मजबूत व्हावेत म्हणून त्याला रोज जिने चढवणारेही भेटतात. नॉर्वेत न्यूफाउंडलंड, लॅब्रॅडॉर, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार मोठ्या जातींच्या सुमारे ५०० कुत्र्यांचा अभ्यास झाला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन महिन्यांत जिन्यांवर चढ-उतार करणाऱ्या पिल्लांत खुब्याच्या सांध्याच्या विकाराचा धोका जास्त आढळला. मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं हिंडणाऱ्यांत तो कमी होता. तेव्हा पिल्लाला एक-दोन पायऱ्यांची ओळख करून द्यावी, पण अख्खा जिना त्याला उचलून घेऊनच पार करावा. मोठ्या जातींची हाडं वर्ष-दीड वर्ष वाढत असतात. तोवर जिन्यावर पळापळ नको.

आणि वर्षानुवर्षं जिना वापरणारा कुत्रा अचानक थांबला, तर शिकवायला बसू नका, व्हेटकडे न्या. खुबा, कोपर, गुडघ्याचा लिगामेंट किंवा मणका दुखत असेल, तर कुत्रा ओरडत नाही, फक्त जिना टाळतो. दिवसा उतरणारा कुत्रा रात्रीच अडत असेल, तर डोळे तपासून घ्या. लॅब्रॅडॉरमध्ये दृष्टिपटलाचा एक आनुवंशिक आजार दिसतो, आणि त्यात आधी अंधारातलं दिसणं कमी होतं. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी जिन्यात रात्रभर दिवा ठेवावा, उतरताना पोटाखालून जाड टॉवेल घेऊन मागच्या पायांचं वजन आपण उचलावं, आणि आपण घरी नसताना जिन्याच्या वरच्या तोंडाला जाळीचं फाटक लावावं.