रक्तातला निरोप्या आणि ४० हजारांचं इंजेक्शन

२०२१ चा एप्रिल आठवतोय? दहावीची परीक्षा रद्द झाली म्हणून तुमच्यापैकी काहीजण मनातल्या मनात खूश होते. त्याच दिवसांत घरातलं कुणीतरी जळगाव, धुळे, नाहीतर थेट नाशिकपर्यंतच्या मेडिकलवाल्यांना फोन लावत होतं. एक औषध रेमडेसिविर. दुसऱ्याचं नाव धड उच्चारताही येत नव्हतं, टोसिलिझुमॅब. ४०० मिलिग्रॅमच्या डोसची किंमत ४० हजारांच्या आसपास, आणि पैसे हातात असूनही ते मिळत नव्हतं. आदल्या वर्षी जळगाव जिल्ह्याचा कोरोना मृत्युदर देशभर बातम्यांत होता, त्यामुळे भीती आधीच बसलेली.

हे इंजेक्शन शरीरात नेमकं कुणाला अडवत होतं? त्याचं नाव आयएल-६, म्हणजे इंटरल्यूकिन-६. छोटंसं प्रथिन, काम निरोप्याचं. पायात काटा मोडला, घशात जंतू शिरले, की तिथल्या पेशी ते सोडतात. निरोप मेंदूपर्यंत गेला की ताप चढतो. यकृतात गेला की यकृत सीआरपी बनवायला घेतं. लॅबच्या रिपोर्टवर सीआरपीचा जो आकडा बघून आपण घाबरतो ना, तो बराचसा या निरोपाची पोचपावती असतो.

यकृताला आणखी एक हुकूम मिळतो : हेप्सिडिन तयार कर. हे हेप्सिडिन शरीरातलं लोह कुलपात ठेवतं, जंतूंच्या हाती लागू नये म्हणून. चार दिवसांच्या आजारात ही चाल हुशारीची. पण आमवात असलेल्या मावशीच्या अंगात हाच निरोप वर्षानुवर्षं फिरत राहतो. मग लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन हलत नाही. घरचे म्हणतात, ‘ती गोळ्या नीट घेतच नसेल.’ बिचारी घेत असते.

आमवाताचा उल्लेख उगाच केला नाही. टोसिलिझुमॅब मुळात कोरोनासाठी बनलेलंच नाही. जपानमधल्या ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो आणि तोशियो हिरानो यांच्या गटाने १९८६ मध्ये आयएल-६ चं जनुक शोधलं. पुढे तिथूनच हे औषध आलं. ते आयएल-६ ला मारत नाही, पेशीवरच्या ज्या दारातून निरोप आत जातो ते दार बंद करतं. जपानमध्ये २००५ मध्ये कॅसलमन नावाच्या दुर्मीळ आजारासाठी आणि २००८ मध्ये आमवातासाठी त्याला परवानगी मिळाली.

कोरोनात काही रुग्णांची फुप्फुसं विषाणूपेक्षा स्वतःच्याच शरीराच्या या आरडाओरड्याने जास्त बिघडत होती. दार बंद करून बघू, हा विचार तिथून आला. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत ज्यांचा ऑक्सिजन कमी आणि सीआरपी ७५ च्या वर होता, अशा ४ हजारांहून जास्त रुग्णांवर ते तपासलं गेलं. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत २८ दिवसांत १०० पैकी ३५ दगावले, इंजेक्शनवाल्यांत ३१. शंभरात चार जीव वाचणं मोठीच गोष्ट आहे. पण ज्या वेड्या आशेने लोक शेत गहाण ठेवून त्याच्यामागे धावले, ती संजीवनी हे नव्हतं. त्याच चाचणीत जून २०२० मध्येच डेक्सामेथासोनचा निकाल लागला होता. हे स्टेरॉइड काही रुपयांत मिळतं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू त्याने एक तृतीयांशाने कमी केले. त्याचीही अट होतीच. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. निरोप अजून कामाचा असताना तोंड दाबलं तर नुकसानच. ‘लवकर सुरू केलेलं बरं’ म्हणून घरीच स्टेरॉइड घेणाऱ्यांची संख्या आपल्याकडे कमी नव्हती, आणि त्यानंतर मधुमेहींमध्ये म्युकरमायकोसिसने काय केलं तेही आपण पाहिलं.

आता गंमत बघा. हाच आयएल-६ तुम्ही पळायला लागलात की मांडीच्या स्नायूंतून बाहेर पडतो. मॅरेथॉननंतर तो रक्तात शंभरपटीपर्यंत वाढलेला सापडतो आणि काही तासांत उतरतो. कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन यांच्या गटाने दाखवलं, की स्नायूतून आलेला हा निरोप उलट सूज आवरणारी प्रथिनं वाढवतो. त्याच शहरातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये पोट सुटलेल्या लोकांना १२ आठवडे सायकल चालवायला लावली. पोटाच्या आतली चरबी सुमारे ८ टक्क्यांनी उतरली. पण सोबत टोसिलिझुमॅब दिलेल्यांची उतरलीच नाही. घाम दोघांनीही गाळला होता. एका गटाच्या स्नायूंचा निरोप पोचलाच नाही, इतकंच.

स्नायूतला साखरेचा साठा संपत आला की हा निरोप जास्त जोरात जातो, गाडीच्या पेट्रोलच्या काट्यासारखा. म्हणून खेळाडूंच्या खाण्याचाही याच्याशी संबंध येतो. रावेर-यावलच्या वाचकांसाठी हे खास : अमेरिकेत २०१२ मध्ये १४ सायकलपटूंना ७५ किलोमीटर पळवलं, म्हणजे जळगावहून निघून पारोळा मागे टाकून धुळ्याच्या अलीकडेपर्यंत. एकदा केळी खाऊन, एकदा स्पोर्ट्स ड्रिंक पिऊन. वेळ, रक्तातली साखर, आयएल-६ सगळं जवळपास सारखंच निघालं. खर्च डोल या केळी विकणाऱ्या कंपनीचा होता, हे ध्यानात ठेवून वाचा. तरी पण त्या रंगीत पाण्याच्या बाटलीवर पैसे घालण्याआधी बाजारात केळी काय भावाने आहेत ते बघाच.

एक कामाची गोष्ट राहिली. तुमच्या घरी आमवातासाठी कुणाला टोसिलिझुमॅब चालू असेल, तर ताप, खोकला किंवा पोटदुखीसाठी कुठल्याही दवाखान्यात जाताना ते आवर्जून सांगा. दार बंद असल्याने यकृताला निरोप जात नाही, सीआरपी वाढत नाही, कधी कधी तापही चढत नाही. आत जंतुसंसर्ग पसरलेला असतो आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल येतो. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरला इंजेक्शनची माहिती नसेल, तर तोही त्या नॉर्मल आकड्यावर विश्वास ठेवेल.