अमेरिकेच्या दारात (भाग ६): गोल न करणाऱ्याने काय दाखवावं?

गेल्या आठवड्यात पी-१ पाहिला. तो खेळून परतायचा व्हिसा. आता तिथेच राहायचं असेल तर? त्यासाठी अमेरिकेच्या १९९०च्या कायद्याने ‘ईबी-१ए’ हा ग्रीन कार्डाचा वर्ग काढला. इथे नोकरी देणाऱ्या मालकाची गरज नाही, आय-१४० हा अर्ज खेळाडू स्वतःच करू शकतो. पण अट जबर आहे. आपण त्या खेळाच्या अगदी शिखरावर पोहोचलेल्या मोजक्यांपैकी आहोत आणि आपला लौकिक टिकून आहे, हे कागदोपत्री सिद्ध करायचं.

ऑलिंपिक पदकासारखी एकच थोर कामगिरी असली तर तेवढी दाखवता येते. नाहीतर दहांपैकी किमान तीन निकष. या दहांत शोधनिबंध, कलाप्रदर्शनं, तिकीटबारीवरचं यश अशा खेळाडूच्या कामाच्या नसलेल्या गोष्टीही आहेत. त्याच्या हाती उरतात ते मुख्यतः पुरस्कार, काटेकोर निवडीतून मिळालेलं संघातलं स्थान, वृत्तपत्रांतले लेख, नामांकित संघातली महत्त्वाची भूमिका आणि इतरांहून वरचढ मानधन. तिथेही तीन खुणा झाल्या की काम झालं असं नाही. २०१०च्या कझारियन खटल्यानंतर निकष मोजून झाल्यावर अधिकारी सगळा पुरावा एकत्र तोलतो, आणि बरेच अर्ज तिथेच अडतात.

कबड्डीत चढाईत गुण घेणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी छापून येतं, कोपरारक्षकाचं क्वचितच. आइस हॉकीतही तेच. क्रेग म्युनी हा एडमंटन ऑइलर्सचा बचावपटू. त्या संघाबरोबर त्याने १९८७, १९८८ आणि १९९० असे तीन स्टॅनले कप जिंकले, तरी इमिग्रेशन खात्याने अर्ज फेटाळला. खात्याचा सूर असा, की हा काही तारा नव्हे. १९९५मध्ये शिकागोच्या संघीय न्यायालयात तो नकार टिकला नाही. खात्याने पुरावा नीट पाहिलाच नाही, असा ठपका बसला. सांघिक विजेतेपदं पुरस्काराच्या निकषात धरावीत, हे खात्याच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट शब्दांत यायला मात्र २०२४ उजाडलं.

आइस हॉकीतल्याच स्टू ग्रिमसनचं प्रकरण मला त्याहून रंजक वाटतं. याचं टोपणनाव ‘ग्रिम रीपर’, म्हणजे साक्षात यमदूत. गोल करणं हे त्याचं कामच नव्हतं. आपल्या संघातल्या कसबी खेळाडूंच्या वाटेला कोणी गेलं तर त्याला ठोकून काढायचं, हे काम. याला ‘एन्फोर्सर’ म्हणतात. हाणामारीत असामान्य क्षमता? ऐकायला विनोदी वाटतं खरं. पण ही भूमिका खेळाचा खराखुरा भाग आहे आणि त्या भूमिकेत हा माणूस अग्रणी आहे, हे जाणकारांच्या साक्षींतून पुढे आलं, आणि १९९६मध्ये न्यायालयाने कौल त्याच्या बाजूने दिला. त्याच्या वकिलांनी तुलना बदलली, हे त्यांचं खरं कसब. गोल करणाऱ्यांच्या रांगेत ग्रिमसन कुठेच नव्हता. एन्फोर्सरांच्या रांगेत पुढे होता. आपली रांग कोणती, हे अर्जदारानेच सांगावं लागतं. खेळाची जाण नसलेला अधिकारी ती स्वतःहून शोधत बसत नाही.

उलट उदाहरण ली मान-सू यांचं. कोरियन बेसबॉलमधला हा दिग्गज; १९८४मध्ये सरासरी, होमरन आणि आरबीआय (आपल्या फटक्यावर संघाला मिळवून दिलेल्या धावा) या तिन्हींत तिथल्या लीगमध्ये पहिला. पुढे ते शिकागो व्हाइट सॉक्सकडे प्रशिक्षक म्हणून आले. अर्ज नाकारला गेला आणि २००२मध्ये न्यायालयाने तो नकार कायम ठेवला. खेळणं आणि शिकवणं ही दोन वेगळी कौशल्यं, पहिल्यातला लौकिक दुसऱ्यात आपोआप चालत नाही.

आपल्याकडच्या मल्लखांब किंवा कबड्डी प्रशिक्षकांनी हा निकाल नीट वाचावा. शिवछत्रपती पुरस्कार खेळाडू म्हणून मिळालेला असेल आणि अमेरिकेत शिकवायचं असेल, तर दोन प्रश्न येऊ शकतात: हा राज्याचा पुरस्कार, त्याला देशपातळीवर मान्यता आहे का? आणि प्रशिक्षक म्हणून काय केलंत? आता खात्याची मार्गदर्शिका थोडी मवाळ आहे. खेळाडू म्हणून नाव अलीकडचं असेल आणि प्रशिक्षक म्हणूनही राष्ट्रीय पातळीवर लौकिक असेल, तर दोन्ही एकत्र पाहता येतात. त्यासाठी शिष्यांचे राष्ट्रीय स्पर्धांतले निकाल, संघासोबतच्या नेमणुकीची पत्रं आणि नावानिशी छापून आलेल्या बातम्या (इंग्रजी भाषांतरासह) लागतात. ‘अत्यंत गुणी व कष्टाळू प्रशिक्षक’ एवढंच सांगणाऱ्या शिफारसपत्राला तिथे फारसं वजन नाही.

पुढच्या भागात ओ-१ व्हिसा.